रोबोट स्क्रू सरळ बसवेल, हाड कोण जुळवणार?

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय: "आईचं वय ६३. कमरेचा चौथा मणका पाचव्यावर सरकलाय, नस दबलीय. दोन-अडीचशे पावलं चालली की पाय भरून येतात, खाली बसावं लागतं. बसली की पाच मिनिटांत बरं वाटतं. आठ महिने गोळ्या, फिजिओ, एक इंजेक्शन, सगळं झालं. इथल्या सर्जननी नेहमीच्या पद्धतीने स्क्रू टाकून फ्यूजन, म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडणं, सुचवलंय. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तेच ऑपरेशन रोबोटने करू म्हणतात, खर्च बराच जास्त. तिथल्या समुपदेशकांनी सांगितलं की रोबोटने चूक होत नाही. पैसे कसेही उभे करू, पण खरंच फरक पडतो का?"

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी हाडांचा डॉक्टर, त्यातही गेली बावीस वर्षं फक्त मणके. सुरुवातीची बरीच वर्षं सगळे स्क्रू हाताने टाकले, आजही निम्म्याहून जास्त हातानेच टाकतो. मी जातो त्यांपैकी एका ठिकाणी रोबोट आहे, तिथे तोही वापरतो. म्हणजे माझी फी दोन्हीकडून येते.

"रोबोटने चूक होत नाही" हे वाक्य सर्जनच्या तोंडचं नसावं. मणक्याचा रोबोट ऑपरेशन करतच नाही. प्रोस्टेटच्या वगैरे ऑपरेशनांत वापरतात तो वेगळा. तिथे सर्जन बाजूला कन्सोलवर बसून यंत्राचे हात चालवतो. मणक्याचा रोबोट म्हणजे एक ताठ यांत्रिक हात आणि त्याच्या टोकाला एक नळी. सीटी स्कॅनवर सर्जन आधी आखणी करतो: कोणत्या मणक्यात, कुठून, किती तिरका, किती लांबीचा स्क्रू. मग यंत्राचा हात नेमक्या त्या जागी, त्या कोनात येऊन थांबतो. नळीतून ड्रिल घालणं, आटे पाडणं, स्क्रू फिरवणं हे माणसाच्याच हाताने होतं. भोक तिरकं जाऊ नये म्हणून सुतार जिग लावतो ना, तसा हा जिग. फार हुशार आणि फार महाग, पण जिगच.

या जातीचा पहिला रोबोट स्पाइनअसिस्ट. इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले प्राध्यापक मोशे शोहाम यांच्या कामातून निघालेला. २००४ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आकाराने कोल्ड्रिंकच्या डब्याएवढा होता. पुढे त्याचा वंश वाढला. फ्रान्सचा रोझा आला, २०१७ मध्ये एक्सेलसियस आला, आणि २०१८ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या मेडट्रॉनिक कंपनीने स्पाइनअसिस्ट बनवणारी इस्रायली कंपनीच, मेझॉर, विकत घेतली. आज मोठ्या शहरांतल्या ऑपरेशन थिएटरांत दिसतात ती याच घराण्यातली किंवा त्याच्या भाऊबंदांची यंत्रं.

आता हा हात नेमका कुठे थांबायचं हे ओळखतो कसं, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. रुग्ण टेबलावर पालथा असतो. कमरेच्या मागच्या हाडात एक पिन ठोकतात आणि बहुतेक यंत्रांत तिच्यावर चमकत्या गोळ्यांची छोटी चौकट बसवतात. कॅमेरा त्या गोळ्यांकडे बघत असतो. मग टेबलावरच एक्स-रे किंवा स्कॅन घेऊन तो आधीच्या सीटीशी जुळवतात. त्या क्षणापासून यंत्राच्या दृष्टीने ती पिन म्हणजेच रुग्ण. पिनला धक्का लागून ती अर्धा सेंटिमीटर सरकली, तर यंत्र तुमच्या आईंची सगळी आखणी इमानेइतबारे अर्धा सेंटिमीटर सरकवतं, आणि पडद्यावर सगळं हिरवंच दिसतं.

हाताने टाकतो तेव्हा काय करतो? पेडिकल हा मणक्याच्या पुढच्या ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारा हाडाचा आखूड खांब, दोन्ही बाजूंना एकेक. त्याच्या आतल्या अंगाला नसांची पिशवी, खालच्या अंगाने नस बाहेर पडते. सांध्याचा उंचवटा आणि मणक्याचं आडवं हाड जिथे मिळतात, तिथे बरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या दातेरी टोकाने, वरचं कडक कवच खरवडायचं. खाली लालसर, जाळीदार हाड दिसलं की बोथट टोकाची प्रोब डावी-उजवी फिरवत हळूहळू आत घालायची. जागा बरोबर असेल तर हाताला बारीक करकर लागत राहते, ओल्या वाळूत काठी खुपसल्यासारखी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी. मध्येच विरोध संपला आणि प्रोब लोण्यात गेल्यागत सरकली, की थांबायचं. भिंत फुटली. मग गोल टोकाच्या बारीक सळईने चारही भिंती आणि तळ चाचपायचा, सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशीच लावलेल्या एक्स-रे यंत्रावर, पाहायचं आणि मगच स्क्रू. नव्या मुलांना मी डोळे मिटून चाचपायला लावतो. तळ लागला का, हे विचारल्यावर जो पडद्याकडे बघतो त्याला अजून वेळ आहे.

जागा किती असते? कमरेच्या पाचव्या मणक्यात हा खांब साधारण दीड सेंटिमीटर रुंद, चौथ्यात थोडा कमी. स्क्रू साडेसहा मिलिमीटरचा. तुमच्या आईंच्या दोन्ही मणक्यांत, हाडाची ठेवण नेहमीची असेल तर, जागा ऐसपैस आहे. पाठीच्या मधल्या मणक्यांत मात्र हाच खांब चार-पाच मिलिमीटरचा होतो आणि आत नुसत्या नसा नसतात, मज्जारज्जू असतो. एकाच नावाच्या स्क्रूची ही दोन वेगळी कामं आहेत. "रोबोट चांगला की हात" याचं उत्तर पाठीच्या कुठल्या मजल्यावर काम आहे यावर बरंच ठरतं.

आकड्यांकडे येतो. स्क्रू किती अचूक बसला हे मोजायला १९९० पासून गर्ट्झबाइन-रॉबिन्स श्रेणी वापरतात. पूर्ण आत तो ए, दोन मिलिमीटरच्या आत बाहेर डोकावला तर बी, आणि पुढे दर दोन मिलिमीटरला एक पायरी, ई पर्यंत. ए आणि बी चालतात असं मानतात.

२०१२ साली जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. ६० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, सुमारे ३०० स्क्रू. हाताने टाकलेल्यांपैकी ९३ टक्के ए किंवा बी, रोबोटने टाकलेल्यांपैकी ८५. रोबोट हरला! कारणही सापडलं. सांध्याच्या उतरत्या, गुळगुळीत पृष्ठभागावर नळीचं टोक बाहेरच्या बाजूला घसरत होतं. आमच्या भाषेत याला स्कायव्हिंग म्हणतात. ओल्या फरशीवर खुर्चीचा पाय सरकतो तसं. पुढच्या यंत्रांत यावर बरंच काम झालं, वेगाने फिरणारी ड्रिल आली, नळ्यांची टोकं बदलली. २०१९ मध्ये चीनमधल्या टायरोबोट या यंत्रावरचा मोठा अभ्यास आला: २३४ रुग्ण, हजाराहून जास्त स्क्रू. त्यात ए आणि बी मिळून रोबोटचे ९८.७ टक्के, हाताचे ९३.५. इथे रोबोट जिंकला, आणि तो विजय मला खरा वाटतो. आजचं चांगलं यंत्र, चांगल्या हातात, सरासरीने स्क्रू अधिक सरळ बसवतं. यावर मी वाद घालणार नाही.

दक्षिण कोरियातला २०१७ चा अभ्यास मला या दोन्हींपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो, कारण तो कमरेच्या फ्यूजनवर, म्हणजे तुमच्या आईंसारख्याच रुग्णांवर होता. पेडिकलच्या आत स्क्रू बसण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. पण वरच्या, न जोडलेल्या सांध्यात स्क्रूचं डोकं घुसण्याचा प्रकार रोबोटच्या गटात टळला. हे दिसतं तेवढं किरकोळ नाही. दोन मणके जोडले की त्यांच्या वरच्या सांध्यावर ताण वाढतो. त्यात स्क्रूने तोच सांधा खरवडला असेल तर तो लवकर झिजायची भीती. शेजारच्या मणक्याची ही झीज फ्यूजनची जुनी डोकेदुखी आहे. २००४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा वर्षांत त्रास देणाऱ्या अशा झिजेचा अंदाज ३६ टक्के निघाला होता. अर्थात, सांधा वाचवणं हातानेही जमतं, फक्त स्क्रू थोडा बाहेरून आणि खालून सुरू करायची शिस्त पाहिजे. घाईत ती सुटते.

एक चलाखी मात्र ओळखायला शिका. "रोबोटिक सर्जरीत रक्त कमी जातं, जखम लहान, तिसऱ्या दिवशी घरी" असं माहितीपत्रकात असतं. हे सगळं खरं असू शकतं, पण त्याचं श्रेय लहान छेदाला. बऱ्याच तुलनांत एका बाजूला रोबोट आणि लहान छेद, दुसऱ्या बाजूला हात आणि मोठा उघडा छेद असतो. स्नायू कमी कापले की रक्त कमी जाणारच. लहान छेदातून सी-आर्म बघत हातानेही स्क्रू टाकता येतात, आम्ही वर्षानुवर्षं टाकतोय. हां, त्यात एक्स-रेचा मारा आम्हा लोकांवर जास्त होतो. शिशाचा एप्रन घालून चार-चार तास उभं राहून आमच्याच कमरा गेल्या आहेत, हा विनोद आमच्यात जुना आहे. रोबोटने आमचा हा मारा कमी होतो, त्यामुळे सर्जनला तो आवडण्यामागे थोडा स्वार्थही आहे, आणि त्यात गैर काही नाही. रुग्णाच्या बाजूने मात्र आधीच्या किंवा टेबलावरच्या सीटीचं रेडिएशन वाढू शकतं. वेळेचं म्हणाल तर मांडामांडीत आणि जुळवणीत सुरुवातीला अर्धा-पाऊण तास जातो. टीम सरावली की तो भरून निघतो. आणि महत्त्वाचं: एक-दोन वर्षांनी रुग्णाला दुखतं किती, चालता येतं किती, हे विचारलं तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघतात.

असं का? स्क्रू अधिक सरळ, मग रुग्ण अधिक बरा का नाही? याचं उत्तर फ्यूजन या शब्दातच आहे.

१९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रसेल हिब्स आणि फ्रेड ऑल्बी या दोघांनी वेगवेगळ्या पद्धतींनी पहिली मणके जोडण्याची ऑपरेशनं प्रसिद्ध केली. मणक्याच्या क्षयासाठी. ऑल्बींनी पायाच्या नळीच्या हाडाची चीप काढून पाठीत बसवली. स्क्रू एकही नव्हता. पेडिकलमधून स्क्रू घालण्याची पद्धत पॅरिसच्या रॉय-कॅमिल यांनी रूढ केली, ती १९६० च्या दशकात. म्हणजे अर्धशतकभर फ्यूजन स्क्रूशिवाय होत होतं. कमी यशाने, महिनोन्महिने प्लास्टरमध्ये निजवून, पण होत होतं. स्क्रू आणि सळ्या हा स्लॅबखालचा सेंटरिंगचा आधार समजा. सिमेंट धरेपर्यंत त्याचं काम. तुमच्या आईंच्या दोन मणक्यांत हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागेल. जुळलं नाही, तर कितीही अचूक बसलेला स्क्रू एक दिवस सैल होतो किंवा तुटतो. तार परत परत वाकवली की तुटते, त्यातला प्रकार. अशी तुटलेल्या स्क्रूंची फिल्म घेऊन माणूस येतो तेव्हा स्क्रू बहुतेक वेळा ए श्रेणीतच असतात.

हाड जुळवायचं काम ऑपरेशनात कुठे होतं ते सांगतो. एका बाजूचा सांधा काढून आम्ही गादीपर्यंत पोहोचतो. गादी काढायची, आणि मग वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागावरची चिवट कूर्चा खरवडून काढायची. क्युरेट हे खरवडायचं हत्यार आत घालून, कोपऱ्यात, पुढे, पलीकडच्या बाजूला, आंधळेपणानेच. कमी खरवडलं तर खाली रक्ताळलेलं हाड उघडं पडत नाही आणि घातलेलं हाड धरत नाही. जास्त खरवडलं तर कवच फुटून केज, म्हणजे गादीच्या जागी बसवायचा पोकळ ठोकळा, मणक्यात रुतते. चिमट्यात येणारा तुकडा आधी पांढरा, रबरासारखा येतो. पुढे पुढे बारीक ठिपक्यांनी रक्त पाझरायला लागलं की समजायचं जमलं. मग काढलेल्या सांध्याचंच हाड बारीक करून, मऊ भाग वेचून, पुढच्या भागात भरायचं आणि केज ठोकायची. या सगळ्या अर्ध्या-पाऊण तासात रोबोट हात दुमडून कोपऱ्यात उभा असतो. नस मोकळी करायचं कामही त्याचं नाही. तुमच्या आईंचे पाय भरून येणं थांबेल ते नस मोकळी झाल्याने, आणि दहा वर्षं टिकेल ते हाड जुळल्याने. जास्तीचे पैसे तुम्ही भरताय ते उरलेल्या तिसऱ्या कामाचे.

हाड जुळणं निम्मं सर्जनच्या हातात, निम्मं रुग्णाच्या अंगात. डेक्सा करून हाडाची घनता पाहा. या वयात आपल्याकडच्या बायकांची ती बऱ्याचदा कमी असते आणि ठिसूळ हाडात स्क्रू भुसभुशीत मातीतल्या खुंटीसारखा हलतो. ड जीवनसत्त्व तपासा, साखर तपासा. आणि तंबाखू. इथे एक प्रसंग रोजचाच आहे. मी विचारतो, "तंबाखू खाता का?" आजी म्हणतात, "छे हो." मग विचारतो, "मिश्री?" त्यावर लगेच, "ती लावते की, सकाळ-संध्याकाळ. नाहीतर पोट साफ होत नाही." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटीन हिरडीतून तसंच रक्तात जातं आणि हाड धरण्याच्या आड येतं. सांगली-साताऱ्याकडच्या घरात हा प्रश्न विचारल्याशिवाय फ्यूजनची तारीख देऊ नये.

मग तुमच्या दोन पर्यायांच्या आधीचा एक प्रश्न राहतो, जो तुम्ही विचारला नाही: फ्यूजन लागतंच का? मणका थोडाच सरकला असेल आणि मुख्य त्रास चालताना पाय भरून येण्याचा असेल, तर नुसती नस मोकळी करून भागतं का, यावर जगात बरंच काम झालंय. २०१६ मध्ये स्वीडनचा अभ्यास आला, सुमारे अडीचशे रुग्णांचा. फ्यूजन जोडल्याने दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. तो ज्या वैद्यकीय नियतकालिकात छापला, त्याच्या त्याच अंकात अमेरिकेचा अभ्यास होता, ६६ रुग्णांचा. त्यात फ्यूजनचा गट थोडा सरस ठरला आणि त्यांच्यात पुन्हा ऑपरेशनही कमी लागलं. २०२१ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी फक्त सरकलेल्या मणक्याचे रुग्ण घेऊन पाहिलं: दोन्ही गटांत दहापैकी सुमारे सात जणांना चांगला आराम, पुन्हा ऑपरेशन नुसती नस मोकळी केलेल्यांत किंचित जास्त. माझं स्वतःचं मत या अभ्यासांनी बदललं. पूर्वी मणका सरकलाय म्हटलं की मी हात धुवायच्या आधीच स्क्रूची ऑर्डर द्यायचो. आता उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले एक्स-रे बघतो. वाकताना मणका स्पष्ट हलत असेल, पायापेक्षा कंबर जास्त दुखत असेल, नस बाहेर पडते त्या खिडकीतच दबली असेल, तर फ्यूजन. नाहीतर नुसती नस मोकळी करण्याची चर्चा तरी व्हायला हवी. तुम्ही पाठवलेल्या माहितीत एमआरआयचा उल्लेख आहे, वाकून काढलेल्या एक्स-रेचा नाही. एमआरआय झोपून काढतात. झोपल्यावर सरकलेला मणका बऱ्याचदा गुपचूप जागेवर येऊन बसतो.

रोबोट मी स्वतः हट्टाने कधी मागतो? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची पाठ वाकडी झालेली असते, मणके जिन्यासारखे पिळलेले, आतल्या वळणाचे पेडिकल पेन्सिलीच्या शिशाएवढे. तिथे. आधी एकदा ऑपरेशन झालंय, ओळखीच्या खाणाखुणा कापल्या गेल्या आहेत, सगळीकडे नुसता व्रण. तिथे. खूप स्थूल माणूस, ज्याच्या कमरेत सी-आर्मवर धुक्याशिवाय काही दिसत नाही. कातडीतूनच चार-पाच मजले स्क्रू टाकायचे असतील, किंवा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून कमरेच्या पंख्यात लांबलचक स्क्रू न्यायचा असेल, तेव्हाही. अशा वेळी यंत्र नसलेल्या ठिकाणी मी रुग्णाला दुसरीकडे पाठवतो, आणि पाठवलंही आहे.

दोन चुका सांगतो, दोन्ही माझ्याच. पहिली सुरुवातीच्या वर्षांतली, हाताने. पाचव्या मणक्याचा डावा स्क्रू आतल्या बाजूला गेला, जेमतेम तीन मिलिमीटर. बाई शुद्धीवर आल्या आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत चटका बसतोय म्हणाल्या. अंगठा वर उचलेना. रात्री सीटी, सकाळी परत टेबलावर, स्क्रू काढून नव्या वाटेने घातला. चटका त्याच दिवशी गेला, अंगठ्याची ताकद यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांच्या मुलाच्या नजरेला नजर देताना काय वाटायचं ते लिहून सांगता येत नाही. रोबोट असता तर ती चूक बहुधा टळली असती.

दुसरी रोबोटची. चारपैकी दोन स्क्रू झाले होते. तिसऱ्याला ड्रिल आत गेली, पडद्यावर सगळं जागच्या जागी. पण ड्रिलचा आवाज बदलला होता, आणि सळईने चाचपलं तर बाहेरची भिंत लागेना. शोधल्यावर कळलं, मदतीला उभ्या असलेल्या डॉक्टरचं कोपर मघाशी पिनला लागलं होतं. यंत्र थांबवलं, तिसरा आणि चौथा स्क्रू हाताने टाकला, वीस मिनिटांत काम झालं. रुग्णाला काहीच झालं नाही. तिथे माझ्याऐवजी असा कुणी असता, ज्याने प्रशिक्षणात फक्त रोबोटच पाहिलाय, ज्याच्या बोटांना ओल्या वाळूची करकर माहीतच नाही, तर? पुढच्या दहा वर्षांत ही पिढी येणार आहे. मला यंत्राची नाही, याची काळजी वाटते.

पैशाचं थोडं. विमा असेल तर पॉलिसीत आधुनिक उपचारांचं कलम वाचा. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये दिलेल्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, आणि ऑपरेशन चालू असताना नसांचे संदेश तपासणारं न्यूरोमॉनिटरिंगसुद्धा आहे. सरसकट नाकारता येत नाही, पण कंपनीने त्यावर उपमर्यादा, म्हणजे ठरावीक रकमेचीच हद्द, बऱ्याचदा घातलेली असते. अंदाजपत्रकात रोबोटची रक्कम वेगळी लिहून मागा. "पॅकेजमध्येच आहे" हे उत्तर घेऊ नका.

पुण्याच्या सर्जनना भेटाल तेव्हा यंत्राबद्दल कमी आणि त्यांच्याबद्दल जास्त विचारा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, ऑपरेशन तुम्हीच करणार की टीम, रोबोट मध्येच बंद पडला तर पुढे काय, आणि रोबोटशिवाय हेच ऑपरेशन तुम्ही माझ्या आईचं कराल का. शेवटच्या प्रश्नाला जो सर्जन शांतपणे "हो, करेन" म्हणतो, त्याच्या हातात रोबोटही शोभतो. सांगलीच्या सर्जननाही पहिले दोन प्रश्न विचाराच, आणि वरचा सांधा वाचवण्याबद्दल काय करता हेही. चिडले तर चिडू द्या. चांगला माणूस अशा प्रश्नाला कागद ओढून चित्र काढून दाखवतो.

तुमच्या आईंबद्दल माझं मत: एकच मजला, एल-४ एल-५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका), पहिलंच ऑपरेशन, पेडिकल ऐसपैस. वाकून काढलेल्या एक्स-रेत मणका हलताना दिसला आणि सांगलीचे सर्जन हे काम नियमित करत असतील, तर मी माझ्या आईला तिथेच नेलं असतं. नंतरच्या तपासण्या घराजवळ होतात, टाके बघायला एसटीचा पाच तासांचा प्रवास करावा लागत नाही, आणि रात्री बाराला ताप आला तर फोन उचलणारा माणूस ओळखीचा असतो. रोबोटसाठी जमवलेल्या पैशांतून घरात कमोड बसवून घ्या, तीन महिने वाकून भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणं आणि जमिनीवर मांडी घालणं बंद राहील. उरलेल्यात फिजिओ घरी येऊ दे.

आणि आई मिश्री लावत असतील, तर ती डबी सहा आठवडे आधीच घराबाहेर काढा. तुम्ही सांगून आई ऐकणार नाहीत, मुलांचं कुणी ऐकत नाही. घरात नात असेल तर तिच्यावर सोपवा.